काकपद

तिसऱ्या दिवशी आले ते.
आम्ही सांगून सांगून थकतो, पहिला तास महत्त्वाचा,
तेवढ्यात पैसा पाच खाती ओलांडून जातो.
पण लाज पायी चालते.
नवी पेठेतून शिवाजीनगरच्या सायबर ठाण्यात यायला
तिला अडीच दिवस लागले.

दामोदर खळदकर, वय एकोणऐंशी.
व्यवसाय?
मुद्रितशोधक, म्हणाले, आणि माझी बोटं थांबली तसं
त्यांनी सोपं करून दिलं, प्रुफं तपासायचो.
अप्पा बळवंत चौकात, एकेचाळीस वर्षं.
गाइडं, पंचांगं, लग्नपत्रिका,
एकदा कायद्याचा एक जाडजूड कोश.

फोन माझ्यापुढे सरकवला.
तो मेसेज मला पाठ आहे, दिवसातून चारदा तरी वाचते:
प्रिय ग्राहक तुमचि विज आज रात्रि साडे नऊ वाजता कापला जाईल
मागील बील अपडेट नाही त्वरीत संपर्क करा

"सात चुका," ते म्हणाले.
"साडेनऊ जोडून लिहितात, ती धरून.
विरामचिन्हं मोजलेली नाहीत."

मग कळलं नाही का काका?
हा प्रश्न आम्ही विचारायचा नसतो. मी विचारला.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"उलट, म्हणून तर खरा वाटला.
सरकारी मजकूर असाच येतो, ताई."

मागे जगदाळे फिस्सकन हसला.
माझ्या डोक्यावरच आमचं परिपत्रक चिकटवलेलं होतं.
मी वर बघितलं नाही.

पुढचं नेहमीचंच. नंबर लावला,
पलीकडचा मुलगा नम्र, अहोजाहो करणारा,
एक ॲप घ्या म्हणाला, दहाच रुपये भरा म्हणाला,
आलेला आकडा वाचून दाखवा म्हणाला.
खळदकरांनी वाचून दाखवला, दोनदा,
प्रुफं वाचतात तसा, एकेक अंक सुटा.
तीन लाख बाहत्तर हजार. सहा मिनिटं.
मुदत ठेव त्यांच्या डोळ्यांदेखत
त्यांच्याच स्क्रीनवर मोडली गेली,
बोट मात्र दुसऱ्याचं.

"साडेनऊला मी दिव्याखाली उभा होतो.
नऊ एकतीस. नऊ पस्तीस.
वीज काही गेली नाही.
बरं वाटलं मला. वाटलं, काम झालं."

इतकी घाई का केली, हे मी विचारलंच नव्हतं.
तेच म्हणाले, जाता जाता सांगितल्यासारखं,
हिला रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं.
विजेवर चालतं ते.

फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.
खाते क्रमांक आहे, व्यवहार क्रमांक आहे,
संशयिताचा मोबाइल आहे, तोही एव्हाना बंद.
मी टाइप केलं: मी स्वतः ओटीपी सांगितला.
प्रिंट काढून सहीला दिली.

त्यांनी आधी माझ्याकडचं पेन मागितलं,
मग "तुमची हरकत नसेल तर" म्हणून परवानगी मागितली.
फसवणुक. णु खोडून णू केला,
समासात बारीक खूण केली.
पाच वर्षं मी हा शब्द चुकीचा लिहितेय,
दिवसाला वीसदा,
कुणी परत पाठवला नाही.

अकरा हजार चारशे कुठल्याशा खात्यात गोठवलेत.
मिळतील का, म्हणाले.
बघू, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

ते गेले. बाहेर पुढचा उभाच होता,
कुरिअरचं पार्सल अडकलंय म्हणून कुणीतरी फोन केलेला,
बोलताना सारखा बायकोकडे बघत होता.
मी खळदकरांचा कागद फाइलला लावायला घेतला,
तेव्हा दिसलं:
मी आणि स्वतः यांच्यामध्ये
ओळीखाली एक काकपद,
छोटं, सरळ हाताचं.
काहीतरी राहिलंय, इथे घाला, असं सांगणारं.

वर काही लिहिलेलं नव्हतं.
कागद तसाच वर गेला.