आठ नंबरचे बूट

मंडळाचं पेज माझ्याकडे आलं
ते दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून.
पासवर्ड किराणाच्या पावतीमागे लिहिलेला,
सोबत दोनशे सत्तर फॉलोअर,
निम्मे आमचेच नातेवाईक.

त्याआधी पेजवर काय असायचं?
कमळं. सुविचार.
समितीचे अकरा जण आणि मधोमध एकच शाल,
खाली : सढळ हाताने मदत करा.
हात जागच्या जागी.
अंगठे तेवढे वर यायचे.

खडपेकाका म्हणाले, रडणारा माणूस दाखव.
काळीज हललं की खिसा हलतो.

म्हणून जुलैतल्या एका शुक्रवारी
हमीदा परकारच्या गाडीतून सलमाबादला गेले.
मनामापासून वीस मिनिटं,
आणि तरी आठ वर्षांत पहिल्यांदा.
खोलीत सहा जण. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं
आणि बिभीषण लोखंडे, तालुका भूम,
बुटाच्या फाटक्या तळात पुठ्ठा बसवत होता
खजुराच्या खोक्याचा.
तापलेली सळई पुठ्ठ्यातूनही कळते, म्हणाला,
पण जरा उशिरा कळते.

मी फोन वर केला. उजेड चांगला होता.
ताई, तोंड नका घेऊ, तो म्हणाला.
बायको असते फेसबुकवर.
तिला सांगितलंय, हापिसात आहे.

मी फक्त पुठ्ठा घेतला.

रात्री लिहिलं :
सेफ्टी बूट, एकोणीस जोड.
आठ नंबरचे अकरा, नऊचे सात,
आणि सहाचा एक, गोरखा आहे, पाऊल बारीक.
जोडाला सहा दिनार.
गुरुवारी सात वाजता खोकी उचलायला चार माणसं.
खाली परवान्याचा नंबर.
सढळ हा शब्द मी लिहिला नाही.

दीड वाजता मुहर्रकहून एक नर्स,
ड्युटीवरच असावी : नऊचे किती उरले?
पाच, मी तिथल्या तिथे.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
पण विचारणारं माणूस दारात उभं असतं,
त्याला सकाळपर्यंत ताटकळत ठेवायचं नसतं.

कुणी लिहिलं, माझ्याकडे तीनच दिनार आहेत.
मी लिहिलं, मग डावा तुमचा.
दोन मिनिटांनी रिफाचा कुणी अनोळखी :
उजवा माझा.
मी अंधारात एकटीच हसले,
नवरा कुशीवर वळून म्हणाला, झोप आता.

काकांनी सकाळी मोजलं. लाइक चौतीसच?
हो काका. चौतीस.
आणि बूट एकोणीस.

गुरुवारी पुन्हा फोटो :
दाराबाहेर ओळीनं बूट, माणसं नाहीत.
शेजारी दुकानाचं बिल, शेवटचा आकडा वाचता येईल असं.
दोन दिनार चारशे फिल्स उरले, त्याचे मोजे.
डावा आणि उजवा, दोघांची नावं
एकाच ओळीत लिहिली.

त्याच फोटोखाली, रात्री अकराला,
शोभा बिभीषण लोखंडे.
नवऱ्याचं नाव मधे, आपल्या रीतीप्रमाणे.
प्रोफाइलला गुलाब.
लाल बदाम टाकून लिहिलं होतं :
लय चांगलं काम करता ताई.
आमचे मिस्टर पण तिकडंच असतात, हापिसात.
काही लागलं तर त्यांना सांगा,
ते पण मदत करतील.

मी धन्यवाद लिहिलं. खोडलं.
हात जोडलेलं चिन्ह टाकलं. तेही खोडलं.
ताटकळत ठेवायचं नसतं हे मलाच माहीत,
आणि बोट हलेना.

मग आठवलं,
संध्याकाळी गाडी आली तेव्हा
चारातले दोनच जण पोचले होते,
आणि बिभीषण खोलीतून अनवाणीच धावत आला होता,
एकेका खेपेला दोन दोन खोकी खांद्यावर.
स्वतःचा जोड त्यानं सगळ्यात शेवटी उचलला.

लिहिलं :
सांगितलं होतं वहिनी.
केली त्यांनी मदत.