दोन गुणांचा प्रश्न

मानवतला जिनिंगचा हंगाम सुरू झाला की
कापूस खिडकीतून वर्गात यायचा,
नववी ब ची पोरं तासाभरात
पिकल्या केसांची दिसायची.
असल्याच एका तासाला फळ्यावर लिहिलं:
उपरोध. बोलायचं एक, सुचवायचं दुसरं.
दोन गुणांना येतो. पाठ करा.

उदाहरण घरचंच दिलं,
जगात जर्मनी, भारतात परभणी.
सांगा, ही स्तुती की टिंगल?
निम्म्या वर्गानं स्तुतीला हात वर केला,
निम्म्यानं टिंगलीला,
आणि एकानं दोन्ही वेळा.
तो मुंजाजी गिराम.

मग नुसरत उभी राहिली.
तिच्या वह्या कोऱ्या असायच्या, प्रश्न कधीच नाही.
"सर, मग लबाड बोलणं अन् हे, यात फरक काय?"
मी म्हणालो, लबाडाला वाटतं, पकडलो जाऊ नये.
उपरोधवाला वाट बघत बसतो,
कुणीतरी पकडावं म्हणून.
तिनं ते लिहून घेतलं नाही.
मी घेतलं, घरी जाऊन.

त्याच आठवड्यात निबंध दिला होता, नदीचे आत्मवृत्त.
सगळ्यांच्या नद्या डोंगरात जन्मल्या,
खळखळत आल्या,
दुसऱ्या पानाच्या तळाला सागराला मिळाल्या.
मुंजाजीच्या वहीत तीन ओळी:
मी दुधना.
सध्या पाणी नाही.
पाणी आलं की पुढचं सांगते.

दहापैकी शून्य देताना
हात जरा अडखळला होता, हे आज कबूल करतो.
तेव्हा मात्र वही उंच धरून म्हणालो,
वा पंडित! उद्यापासून तूच शिकव वर्गाला.
वर्ग हसला.
मला वाटलं, धडा पोचला.

दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधी फळा पुसलेला,
ओल्या फडक्यानं, कोपऱ्यांसकट.
मुंजाजी इस्त्रीच्या शर्टात,
आईनं कपाळाला कुंकू लावून धाडलेला,
खिशात दोन खडू, एक पांढरा, एक लाल.
"सर, तुम्ही बसा की,"
म्हणून शेवटच्या बाकावरची जागा दाखवली.
त्याची स्वतःची.

मी बसलो नाही.
त्यापुढं जे केलं
त्याला व्याकरणात नाव नाही.
खडू काढून घेतले.
दोन्ही.

एकोणतीस वर्षांनी, परवा, माझा निरोप समारंभ.
मुख्याध्यापक तोच.
पत्र्यावर कापूस तसाच.
फ्लेक्सवर माझा फोटो, नावामागं तीन विशेषणं,
त्यातल्या एकाची वेलांटी चुकलेली,
ती मी दोनदा वाचली, सवयीनं.
माइक हातात घेऊन तो म्हणाला,
"सरांनी मला एका वाक्यात शिक्षक केलं."
टाळ्या. शाल. नारळ.

जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सोलून दिली,
हे एक मांडीवर घेऊन बसलो, त्या नारळासारखंच,
कानाशी हलवत,
आत पाणी आहे की नाही.

प्रश्नाला चिन्ह आहे, उद्गाराला आहे,
उपरोधाला नाही, पोरांनो,
बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघा,
असं मीच सांगायचो.
बघितलं.
चष्म्याच्या काडीला कापसाचा एक तंतू,
बाकी काही नाही.

शेवटी मांडवाच्या मागं गाठलं त्याला.
"मुंजाजी, ते मी बोललो होतो ना,
ते तुला तेव्हा कळलं होतं का रे?
का खरंच वाटलं?"

"पाणी आलं की पुढचं सांगतो, सर,"
म्हणाला,
आणि मंडपवाल्याच्या खुर्च्या मोजायला गेला.