सुप्याचं पाणी

रामनगरहून पहाटे चारला निघालो,
सतरा पोरं, चिरमुऱ्यांचं अर्धं पोतं,
आणि ड्रायव्हर बसलिंग,
जो घाटाला वळणावळणावर कानडीत शिव्या घालतो
आणि देऊळ दिसलं की स्टिअरिंग सोडून हात जोडतो.

सहलीच्या अर्जात मी लिहिलं होतं,
ऐतिहासिक स्थळ, समुद्रकिनारा, नदी, निसर्ग.
हेडमास्तर म्हणाले, एवढं सगळं एका दिवसात?
म्हटलं, सर, कारवारला ते एकाच ठिकाणी आहे.

बाबांना म्हटलं होतं, चला की तुम्ही पण.
म्हणाले, नदीचा शेवट बघायला कोण जातं गा?
मग चप्पल शोधत शोधत,
पलीकडचा काठ दिसतो काय, तेवढं बघून ये.

जोयड्याच्या अलीकडं झाडांतून धरणाचं पाणी चमकलं.
पोरं झोपलेली. मी उठवली नाहीत.
पाण्याकडं बोट करून काय सांगणार,
ते तिथं आमचं घर, त्या बगळ्याच्या खाली?

बाबांची तर होती सुप्याला.
चार आणे माणशी,
गाभण म्हशीला पैसे नाहीत.
पाणी चढत गेलं तसा गाव वर सरकला,
नदी रुंद झाली, रुंदच होत गेली,
आणि तर चालवायला एक दिवस पलीकडच उरलं नाही.
रामनगरात प्लॉट मिळाला, नंबर मिळाला.
वल्हं परसात आडवं बांधून आई त्यावर धुणं घालायची.
वाऱ्यानं लुगडं फुगलं की
बाबा बाजेवर उठून बसायचे.

सदाशिवगडावर थोडी भिंत, खूप गवत,
एका अंगाला दर्ग्याचा ऊद, दुसऱ्या अंगाला देवीची घंटा.
गंजक्या तोफेवर बसून किसन्या म्हणाला,
सर, ही कुणावर उडवायची?
समुद्रातनं येणाऱ्यावर.
आपण तर घाटातनं आलो की, म्हणाला,
आणि निवांत चिरमुरे खायला लागला.

खाली काळी समुद्रात शिरत होती.
शिरत होती म्हणजे, शिरू की नको असं करत,
हिरवं पाणी करड्या पाण्याला लागून
बराच वेळ वेगळं चालत होतं,
लग्नात नव्या सुनेनं चालावं तसं.

वाळूवर साळू हरिकंत्र जाळं सोडवत बसलेली.
कुठले तुम्ही? रामनगरचे.
हां, धरणाकडचे.
तिनं आम्हाला नीट बघून घेतलं.
वरती दारं उघडता तेव्हा खाडी गोडी होते, म्हणाली,
मासळी पळते.
जशी दारांची किल्ली माझ्याच खिशात.

बसलिंग म्हणाला कडल, साळू म्हणाली दर्या,
पुस्तकात समुद्र.
सगुणा वेळीपनं तिन्ही शब्द वहीत एकाखाली एक लिहिले
आणि बेरजेसारखी खाली रेघ मारली.
रेघेखाली काही लिहिलं नाही.

मग गुडघाभर पाण्यात जाऊन तिनं ओंजळ चाखली.
थू केलं.
सर, हे आपलं पाणी?
थोडं.
थोडं म्हणजे कुठलं?

मी वाकलो. हात घातला.
सुप्याच्या बाजारातनं, शाळेच्या फळ्यावरनं,
आमच्या चुलीवरनं निघून
चार धरणांच्या कचेऱ्यांत सह्या करत
ते इथवर आलं असेल,
तर ओळख दाखवायला पाहिजे होती त्यानं.
बोटांना नुसती वाळू लागली.
मान वर केली, पलीकडं बघितलं, बराच वेळ बघितलं.
एक बोट होती. तिच्यामागं काही नव्हतं.

सगुणानं भरून घेतलेली बाटली
अणशीच्या घाटात किसन्याच्या दप्तरात सांडली.
भूगोल भिजला. भांडण झालं.

रात्री साडेअकराला कडी वाजवली तर बाबा जागेच.
दिसला?
नाही.
त्यांनी कूस बदलली. मला वाटलं, झोपले.
मग भिंतीकडं तोंड करूनच विचारलं,
पोरं मोजून उतरवलीस ना?
सतरा, म्हटलं.
सतरा चढली होती?
सतरा.
मग झालं तर, म्हणाले,
दिवा घालव.