सूपगाव

तार्तूत विद्यापीठाची टेकडी उतरली
की रस्त्यांना भाज्यांची नावं लागतात.
बटाटा गल्ली, वाटाणा गल्ली, घेवड्याचा बोळ.
वस्ती सुपिलिन, म्हणजे सूपगाव.
माझ्या भाषेत सुपात धान्य पाखडतात,
हे मी लेइडाबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं.
त्या म्हणाल्या, इथेही तेच.
वारा आला की हलकं ते टेकडीवर जातं,
जड ते आमच्याकडे राहतं.

लाकडी घरं. उडालेला पिवळा रंग,
त्याखाली हिरवा,
त्याखाली कुणाच्या तरी आजोबांचा तपकिरी.
जरा कललेली सगळी,
शेजारच्याचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.
खाली एन्देल, निवृत्त सुतार.
जिन्यात सायकली, बटाट्याची पोती, एक बेवारशी चेलो.
वरच्या खोलीत भाडेकरू, चाळीस वर्षांत एकोणतीस.
एक खगोलशास्त्राचा, दिवसभर झोपायचा.
एक कायद्याची. तिने सहा महिन्यांचं भाडं बुडवलं,
आता न्यायाधीश आहे.
लेइडाबाई तिचं नाव काढत नाहीत,
पण पेपरातला फोटो कापून
साखरेच्या डब्याखाली ठेवतात.

तिसावा मी.
एन्देल मला बोलायला शिकवतो:
लिना, लिन्ना, लिन्न्ना.
एक चादर, एक शहराचं, एक शहरात.
फरक एवढाच, की जीभ दातांशी किती वेळ रेंगाळली.
मी शहरात निघतो आणि तोंडातून चादर येते.
तेवढ्यात मागे हेल्मीचा कोंबडा
कु, कू, कूऽऽ
ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत,
शाळेत गुरुजींनी सांगितलेला तोच,
इतक्या उत्तरेला, शून्याखाली बारा अंशांत
व्याकरण न विसरलेला.

मार्चमध्ये राइवो तांबेर्ग आला.
भाडेकरू क्रमांक सतरा, आता वास्तुविशारद.
कोपऱ्यावरचं घर त्याच्या कंपनीने घेतलंय.
तळघरात गाड्या, वर नुसती काच.
शेजारच्या घरांची मापं हवी होती.
पण सवयीने आधी सरपणाच्या खोपटात गेला,
कवेत मावतील तेवढी लाकडं आणली,
शेगडीपाशी रचली, साल खाली करून,
मग बूट काढले.

मोजयंत्राचा लाल ठिपका
जिन्याच्या भिंतीवर चढत गेला
आणि पेन्सिलीच्या एका रेघेवर अडला.
एका वसंतात बर्फ वितळून एमायोगी नदी
इथवर आली होती, विचारल्याशिवाय.
रेघेखाली अक्षर त्याचंच:
एक मीटर चार. माझे मोजे वाहून गेले.

लेइडाबाईंनी तो ठिपका पाहिला.
म्हणाल्या, बीटचं सूप आहे. बस.
आणि गाड्यांना पोहता येतं का रे?

तो हसला. मग हसायचा थांबला.
तीन वाडगे प्याला.

काही संपलं की आमच्याकडे म्हणतात, सूप वाजलं.
मी अर्थ समजावला, हातवाऱ्यांसकट.
एन्देलने मोठ्या गांभीर्याने
पातेल्यावर पळी वाजवून पाहिली.
नाही, लेइडाबाई म्हणाल्या,
तळाशी आहे अजून.

जाताना राइवोने वरच्या खिडकीची कडी,
त्याच्या वेळेपासून ढिली,
खिशातल्या नाण्याने पिळून घट्ट केली.
बाहेर धुराडी सरळ रेषेत धुमसत होती,
टेकडीवरून पोरं सायकली सोडून देत येत होती,
ब्रेक न लावता, वाटाण्यासारखी घरंगळत.

कोपऱ्यावरचं घर एप्रिलमध्ये पाडलं.
दुपारी दोनला सुरुवात, चारला आकाश.
एन्देलने त्यातलं एक दार उचलून आणलंय.
अंगणात सफरचंदाच्या झाडाला टेकवून ठेवलंय,
बिजागऱ्यांना रोज तेल देतो.
कुठे लावणार, मी विचारलं,
तिन्ही लांब्या नीट सांभाळून.
म्हणाला, आधी दार.
भिंत मग सापडते.