वाजली का?

दसऱ्याच्या आदल्या रात्री आमच्या अंगणात
आडवं व्हायला जागा नसते.
झेंडूचे ढीग, आंब्याचे डहाळे, सुतळीची रिळं,
आणि मधोमध माझ्या सासूबाई, आनसाबाई,
पाय पसरून, दाभण हातात:
पाच फुलं, एक पान, पाच फुलं, एक पान.
त्या मोजत नाहीत. बोटंच मोजतात.

यंदा पाऊस पितृपंधरवडा ओलांडून राहिला
आणि अर्धा झेंडू देठातच कुजला.
मग त्यांनी उसाची पाती आणायला लावली,
धार बोथट करून वेणीसारखी गुंफली,
अकरा तोरणं केली.
फूलबाजाराच्या तोंडाला एका बाईनं विचारलं,
"हे काय नवीन?"
"नवीन कसलं, झेंडू नाही म्हणून."
तिनं दोन घेतली, भाव न करता.
बाकीची नऊ घरी आली.
म्हशीनं खाल्ली.

दिवाळी सरली की चुलवाण पेटतं.
चिपाडाचा धूर आधी नदीकडे जातो
आणि वारा फिरला की आमच्याच डोळ्यांत.
काहिलीत रस चढतो, भेंडीचं पाणी पडतं,
हिरवट मळी वर येते, फावड्याने ओढायची,
मग रंग बदलत जातो:
आधी चहा, मग तांबूस बैल,
मग ज्याला आमच्यात नाव नाही असा एक रंग,
तिथं काकवी काढायची.
पळीभर उशीर केला तर ती काकवी राहत नाही,
आणि गूळ व्हायला अजून बराच जाळ लागतो.

गूळ झाला का ते केरबा ठरवतो.
एकोणचाळीस हंगाम.
गार पाण्यात हात बुडवून उकळता पाक उचलतो,
चिमटीत गोळी वळतो,
काहिलीच्या काठावर मारतो.
टण् वाजली तर उतरवा.
नाही वाजली तर अजून दोन पेंढ्या घाला.

गेल्या शिमग्यापासून केरबाला कमी ऐकू येतं.
कुणाला सांगितलं नाही त्यानं.
मला कळलं ते असं, की गोळी मारून
तो काहिलीकडे बघेना, माझ्याकडे बघू लागला.
भुवया वर.
मी मान हलवायची.
एवढंच. ह्यांना माहीत नाही, आनसाबाईंना माहीत असावं,
कारण त्या माझं पाट-पाणी गुऱ्हाळातच पाठवू लागल्या.

पौषातल्या एका पहाटे, चौथं आधण,
डोळे मिटत होते माझे.
गोळी पडली. भुवया वर झाल्या.
ऐकलं नव्हतं मी.
मान हलवली.

वाफ्यात ओतलं ते दुपारपर्यंत थरथरत राहिलं,
साच्यात उभं राहीना, बाटलीत शिरेना.
हे ओरडले. केरबा गप्प.
त्यानं भाकरीचा तुकडा मोडून त्यात बुडवला,
चावत राहिला, मग म्हणाला,
"चव बरी हाय. नाव ठेवायचं राहिलंय नुस्तं."
घमेलंभर त्यानं घरी नेलं, पगारात धरा म्हणाला.
मी तेव्हाही काही बोलले नाही.

पुण्याच्या बाटल्यांवर लेबलं तेजल चिकटवते,
सगळी डावीकडे कलती.
पाडव्याला कडुलिंबाची तोरणं, शेवटचं आधण,
मग चरकाला तेल, चुलवाणाला शेणमाती,
आणि काहील पालथी.

श्रावणात पाणी रस्त्यापर्यंत आलं
तेव्हा केरबा छत्री घेऊन बघायला आला.
पालथ्या काहिलीवर डावा तळवा ठेवला,
उजव्या हाताचं एक बोट वाकवून
वर टकटक केली.
बराच वेळ तसाच उभा.
पुन्हा केली.
माझ्याकडे बघितलं नाही.

"सांगायचं होतं एक," मी म्हटलं, मोठ्यानं.
"पौषातलं आधण व्हय?" तो म्हणाला.
आणि विचारलं, नदी कुठवर आली.
मी बोटानं दाखवलं.