हँडगिअर

अंकलीच्या पुलावर दुसरा अडकला तो अडकलाच.
पदर खोचून मी बॉनेट उघडलं,
सवयीनं हात आत घालून दांड्या हलवल्या,
एक वर, एक खाली.
मागं उसाच्या ट्रॉल्यांची रांग.
एकजण ओरडला, "बाई, विका की आता!"
विकली नाही. तेलकट हातानंच
इलाहीभाईंना फोन लावला:
हँडगिअर काढायचा. खाली घ्यायचा.

इलाही मुल्लाणी, मिरज, लाकडाच्या वखारीला लागून.
फियाटभोवती एक फेरी मारून म्हणाले,
"काकांना इचारलंय न्हवं?"
विचारलं होतं.
पेपरातून डोकं न काढता तात्या म्हणाले होते, "तुझी गाडी."
सत्याऐंशीपासून पहिल्यांदाच माझी म्हणाले,
आणि अशी, की लगेच परत करावीशी वाटली.

भंगारातून आणलेला लिव्हर हातभर लांब निघाला.
कुपवाडला बाबगोंडाच्या लेथवर तो कापायचा ठरला,
पण किती?
माझा खांदा धरलेला, हात वर जात नाही.
"ताई, बसा. डोळे मिटा. हात सोडा.
जिथं पडंल, तिथं मूठ."
हात पडला. बाबगोंडानं हवेतच
खडूची खूण केल्यासारखं केलं
आणि बरोबर चार इंच उडवले.

मग पुढचं लांबलचक सीट उतरवलं.
त्यात खड्डे दोनच.
उजवीकडचा तात्यांचा, डावीकडचा आईचा, उथळ.
मधे मी बसायचे;
माझं वजन रेक्झिनला कधी कळलंच नसावं.
मांडीवर बेदाण्याच्या नमुन्यांच्या पिशव्या.
तात्या क्लच दाबून नुसतं "हं" म्हणत
आणि मी दोन्ही हातांनी
दांडा ओढून वर लोटायचे.
आई म्हणे, पोरीला काय
तासगावच्या वडापवर ठेवणार आहात?

ग्राइंडर लागला. ठिणग्या.
पत्र्याचा चौकोन सुटून पडला
तसा मधल्या फुगवट्यातून
ओंजळभर गाळ सांडला, पिठासारखा.
एकोणीसच्या पुराचा.
इलाहीभाईंनी चिमटीत घेऊन चोळला,
"कृष्णामाई हितंच होती की अजून."
आणि झाडूनं गोळा करून
दारातल्या कढीपत्त्याच्या डब्यात टाकला.

पहिला नीट बसेना.
बुश बदलला. पुन्हा काढला. नायलॉनचा घातला.
रात्रीचे नऊ.
न बोलावता तात्या रिक्षातून उतरले.
डावीकडे बसले.
लिव्हरकडे बघितलं, मग मागच्या काचेकडे.
"तिसऱ्या माणसानं बसायचं कुठं?"
"मागं की काका! मागं बक्कळ जागा."
गाडीत आम्ही दोघंच होतो.

विश्रामबागच्या अलीकडं दुसरा टाकायला
हात स्टिअरिंगपाशी गेला
आणि हवा धरून परत आला.
इंजिन पहिल्यातच ओरडत राहिलं.
तात्या खिडकीबाहेर बघत होते.
त्यांची मूठ तेवढी
गुडघ्यावर झटकन खाली दबली.

"रिव्हर्स पडत नाही," परत आल्यावर मी सांगितलं.
"रविवारी बघू. एक वॉशर जादा झालाय.
तवर गाडी अशी लावा,
म्होरं भिंत नको."
आमच्या बोळात सगळीकडं समोर भिंतच.
म्हणून फियाट सध्या शंभर फुटी रस्त्यावर,
चिंचेखाली, तोंड मोकळ्या बाजूला.

सकाळी फिरायला म्हणून तात्या निघतात,
ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसतात.
कुणी बघत नाही असं वाटून
हात आधी नेतात जुन्या जागी,
तिथं थांबतात जरा,
मग खाली आणतात.
परत वर. परत खाली.
चावी माझ्याकडं आहे.
त्यांनी मागितलेली नाही अजून.