मुठीचा तांदूळ

मिझोरामच्या एका डोंगराच्या पाठीवर आमचं गाव.
सकाळी दरीत धुकं इतकं
की खालच्या घराचा कोंबडा ढगातून आरवतो.
इथे बाई भात करायला घेते तेव्हा
आधी एक मूठ देवाच्या डब्यात टाकते,
मग आधण.
शनिवारी मंडळीतली एखादी पोर टोपली घेऊन येते
आणि घरोघरचे डबे रिकामे करते.

एकोणिसाव्या वर्षी ती पोर मी होते.
रविवारच्या शाळेची प्रशस्तिपत्रं भिंतीवर,
प्रीतीचा अध्याय झोपेतही म्हणायचे
एक स्वल्पविराम न चुकवता.
आणि हातात वही.
कुणाच्या डब्यात किती, कुणाची कणी, कुणाचे किडके.
शितावरून भाताची परीक्षा करतात,
मी माणसांची करत होते.

थांगसेईच्या डब्यात नेहमी निम्मंच.
"दोन वेळचा भात, सात दिवस, चौदा मुठी.
इथे तर सातच दिसतात."
"बरोबर मोजलंस," ती म्हणाली
आणि मला गुळाचा चहा दिला.

उरलेल्या सातांचा पत्ता लागला तिच्या कुत्र्यामुळे.
त्याच्यामागून उतरत गेले, बांबूच्या बेटापलीकडे
रोपिआंगाची झोपडी.
रोपिआंगा, ज्यानं नाताळच्या आधल्या रात्री
थांगसेईचं डुक्कर पळवलं होतं,
ऐझॉलला विकलं, पैसे प्यायला
आणि फुप्फुसं घालवून परत आला होता.
थांगसेई त्याला पेज भरवत होती.
तो शिव्या देत होता. ती हनुवटी पुसत होती.

"पण ते डुक्कर?" मी बाहेर येऊन विचारलं.
"फार स्वस्तात दिलं गं त्यानं.
बाजारात सगळ्यांनी फसवलं त्याला."
मग चार पायऱ्या चढून, थांबून, दम खात,
"रोज नाही जमत मला. काल वाडगा
जरा आपटूनच ठेवला."

त्या आठवड्यात वहीत मी सातच लिहिलं.
दुसरा रकाना नव्हता.

आता मी त्रेसष्ट.
प्रशस्तिपत्रं कसरीनं खाल्ली,
अध्यायातल्या ओळी मागेपुढे होतात.
सांधे आखडले, तांदूळ बोटांतून गळतो.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
माझी झाकतच नाही.

आणि तीन घरं खाली माझी बहीण, ह्मिंगलिआनी.
आईनं विणलेलं लाल काठाचं पुआन
तिनं न विचारता नेलं, त्याला अकरा वर्षं झाली.
अकरा वर्षं मी दूरदेशीच्या, न पाहिलेल्या माणसांसाठी
गुडघे टेकून प्रार्थना करते.
तिचा खोकला मला भिंतीआडूनही ओळखू येतो.
हिवाळ्यात तो कोरडा होतो.

काल संध्याकाळी मूठ टाकली डब्यात,
आणि हात पुन्हा तांदळात गेला.
मी बघत राहिले त्याच्याकडे
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
ही दुसरी मूठ ठेवायला घरात जागा सापडेना.
शेवटी रुमालात बांधली.
पायऱ्या एकशे बारा.
(हो, मोजल्या. मोडत नाही ती खोड.)
साठाव्या पायरीवर परतायचं ठरवलं होतं,
सत्तराव्यावरही.

दार तिनंच उघडलं.
अंगावर तेच पुआन, काठ विरलेला,
आईच्या खांद्यासारखाच एक खांदा उतरलेला.
"काय?"
"तांदूळ."
"माझ्याकडे आहे तांदूळ."
"माहीत आहे," मी म्हणाले.

रुमालाच्या गाठीतून दोन दाणे उंबऱ्यावर पडले.
आम्ही दोघी एकदमच वाकलो, दोघींचे गुडघे कडकडले,
कुणीच हसलं नाही.
मग ती दारातून जराशी बाजूला सरली,
मला वाट द्यायला की चुलीचा धूर बाहेर जायला
अजून सांगता येत नाही.
मी आत गेले.